रिकामी डोकी

"औषधाची मात्रा योग्य आहे. औषधाची गुणवत्ता योग्य आहे," असं रुग्णालयातलं तपासणी-यंत्र त्या सकाळी पुन्हा गोड आवाजात म्हणालं, आणि वल्लरीने त्याच्या पडद्यावर सणसणीत चापट मारली.

यंत्राला काहीच झालं नाही. वल्लरीचा तळवा मात्र झणझणला.

"वल्लरी!" आई दबक्या आवाजात ओरडली. "हे रुग्णालय आहे!"

"मग ते खोटं का बोलतंय? सगळं योग्य आहे तर दादा बरा का होत नाही?"

पलंगावर निहार डोळे मिटून पडला होता. वल्लरीपेक्षा चार वर्षांनी मोठा, उंचापुरा; पण तापाने त्याचा चेहरा पार सुकून गेला होता. खाडीत उतरला असताना कालवाच्या धारदार शिंपल्याने त्याचा पाय कापला होता. बोटभर जखम, कोकणात कुणीही हळद लावून विसरून जाईल अशी. पण तिच्यात एक हट्टी जीवाणू शिरला आणि पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजला.

पूर्वीच्या काळी अशा वेळी प्रतिजैविकं (जीवाणूंना मारणारी औषधं) देत असत. आता त्यांचा काही उपयोग राहिला नव्हता. आधीच्या पिढ्यांनी साध्या सर्दीलाही ती गिळली, कोंबड्यांना चारली, नद्यांमध्ये सोडली. जीवाणू त्यांना सरावले. वल्लरीला शाळेत हा धडा होता तेव्हा ती इतकी चिडली होती, की तिने बाईंनाच विचारलं होतं, "त्या लोकांना कुणी ओरडलं कसं नाही?"

आता औषध म्हणून देत ते जीवाणुभक्षक (जीवाणूंवर जगणारे, त्यांना फोडून टाकणारे विषाणू). माणसाच्या पेशींना ते हातही लावत नाहीत. त्यांचं वैर फक्त जीवाणूंशी. निहारला त्यांची पहिली बाटली दिली तेव्हा त्याचा ताप उतरला होता. तो उठून बसला, पेज प्यायला. मग दुसरी बाटली आली आणि सगळं उलटं फिरलं.

"जीवाणू बदलला असेल का?" आईने डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं.

"तीच शंका आम्हालाही आली. पण जखमेतला जीवाणू तपासला, तो आहे तसाच आहे. भक्षकही तेच आहेत, आणि त्यांची संख्याही बरोबर आहे." मग त्या आईला दाराबाहेर घेऊन गेल्या. पण दार अर्धवट उघडं होतं आणि वल्लरीचे कान तिखट होते. "एकदोन दिवसांत फरक पडला नाही, तर पाय काढण्याचा विचार करावा लागेल."

दुसऱ्या बाटलीत तळाशी थोडं औषध उरलं होतं. वल्लरीने आईला विचारून ती बाटली रुमालात गुंडाळली आणि ती धक्क्याकडे निघाली. विजेवर चालणारी फेरीबोट सुटायच्या बेतातच होती.

खाडीच्या पैलतीरावर जीवाणुभक्षक केंद्र होतं. गावातली मुलं त्याला नुसतं 'भक्षकशाळा' म्हणत. ते उभं केलं होतं आईच्या मावशीने, शिल्पा आजीने. आता कारभार डॉक्टर साळवी बघायचे. आजी निवृत्त झाली होती. पण सूक्ष्मदर्शकाच्या खोलीची एक किल्ली तिने परत केली नव्हती, आणि ती मागायची कुणाची छाती झाली नव्हती.

आजी त्याच खोलीत बसली होती. वल्लरीने बाटली तिच्या टेबलावर आपटली. "तुझं औषध कुचकामी आहे!"

आजीने चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं. "रागावली आहेस का?"

"हो!"

"मग आधी हात धू. रागाच्या हातांनी काचपट्ट्या फुटतात."

वल्लरीने हात धुतले. तेही रागानेच, पाणी चौफेर उडवत. तोवर आजीने गोठणपेटीतून पहिल्या बाटलीच्या घाण्याचा (एका खेपेला बनवलेल्या औषधाचा) नमुना काढला. प्रत्येक घाण्यातला थोडा भाग तिथे राखून ठेवत. मग दोन्ही औषधांचा एकेक थेंब तिने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात (प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरून अतिसूक्ष्म गोष्टी दाखवणाऱ्या यंत्रात) ठेवला.

"मी काही सांगणार नाही," आजी म्हणाली. "तू बघ आणि बोल."

पडद्यावर डावीकडे पहिल्या बाटलीतले भक्षक दिसले. काडीच्या टोकाला सुपारी खोचावी तसे. वर कोनेदार डोकं, खाली लांब शेपूट.

"डोकी पांढरी आहेत. लख्ख. प्रत्येकाला शेपूट आहे."

"आणि उजवीकडे?"

उजवीकडे दुसरी बाटली होती. डोकी तितकीच, खच पडला होता त्यांचा. पण वल्लरीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही आतून काळी आहेत. म्हणजे नुसती कड पांढरी, आत काळं. आणि शेपट्याच नाहीत! एखादुसरी सोडली तर."

आजीच्या ओठांची रेघ झाली. वल्लरीला ती रेघ ठाऊक होती. घरात आजीचा असा चेहरा झाला की मोठी माणसंही स्वयंपाकघरात कामं शोधत.

"मी थेंबावर जड धातूचा रंग टाकलाय," आजी सावकाश म्हणाली. "तो जिथे शिरतो तिथे काळं दिसतं. आता सांग, डावीकडच्या डोक्यांत तो का शिरला नाही?"

"जागा नसेल. आत काहीतरी भरलेलं असेल."

"आणि उजवीकडे?"

वल्लरी पडद्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडून शब्द फुटला तो किंचाळीसारखा. "रिकामी आहेत! आजी, दादाला रिकामी डोकी टोचलीत यांनी!"

"हो. डोक्यात डीएनए (सजीवाच्या सगळ्या सूचना ज्यात असतात तो लांबलचक धागा) असायला हवा. भक्षक जीवाणूला चिकटतो, शेपटीतून हा धागा आत सोडतो, आणि त्या सूचना वाचून जीवाणूच नवे भक्षक बनवायला लागतो. शेवटी फुटतो. धागाच नसेल तर ही नुसती टरफलं."

"पण यंत्र म्हणतंय, संख्या बरोबर आहे!"

"ते यंत्र टरफलं मोजतं. आत काय आहे ते त्याला दिसत नाही."

"मग असलं यंत्र ठेवलंच कशाला!" वल्लरीने टेबलाला लाथ मारली. "आणि रिकामी राहिलीच कशी? धाग्याभोवती टरफल गुंडाळायचं, एवढंच ना?"

"इथेच सगळ्यांची चूक होते. धाग्याभोवती टरफल नाही गुंडाळत. आधी रिकामं टरफल तयार होतं आणि मग धागा आत कोंबायचा. आधी घर, मग सामान. कोंबणं सोपं वाटतं का तुला? करून बघ."

आजीने कोपऱ्यातला एक नारळ उचलला, त्याचा डोळा पेचकसाने फोडला, पाणी पेल्यात ओतून वल्लरीला प्यायला दिलं. मग फेरीबोटीच्या तांडेलाकडून तंगुसाचं (मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्याचं) जाडसर रीळ मागवलं.

"माझ्याकडे वेळ नाहीये आजी! दादा तिकडे..."

"पुढच्या बाटलीत काय व्हायला हवं, ते कळल्याशिवाय तू भांडणार कशी? कोंब."

वल्लरी कोंबू लागली. सुरुवातीला तंगूस सरसर आत गेलं. मग जड जाऊ लागलं. आतल्या वेटोळ्यांना वळायचं नव्हतं, त्यांना सरळ व्हायचं होतं. तिने जोर लावला. तंगूस दुमडलं, अडकलं. तिने आणखी जोर लावला, बोट निसटलं, आणि आतलं तंगूस सळसळत बाहेर उसळून तिच्या गालावर सपकन बसलं.

"आई गं!" तिने नारळ भिरकावला. तो घरंगळत कपाटाखाली गेला.

"आण तो," आजी शांतपणे म्हणाली. "नारळाएवढं डोकं धरलंस, तर खरा धागा याहून कितीतरी जाड, पेन्सिलीच्या निम्म्याएवढा, आणि लांबी इथून धक्क्यावरच्या वडापर्यंत. तो सगळा आत मावायला हवा, आणि मावतो. तुझं तंगूस नुसतं ताठ आहे. डीएनए ताठ तर आहेच, वर त्याच्या अंगभर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना..."

"ढकलतात. लोहचुंबकाची सारखी टोकं जवळ आणली की ढकलतात तसे." वल्लरी कपाटाखाली हात घालून नारळ ओढत होती.

"बरोबर. म्हणजे धाग्याचं प्रत्येक वेटोळं शेजारच्या वेटोळ्याला म्हणतं, हो तिकडे. जीवाणूच्या पोटात मॅग्नेशियमसारखे धनभारित कण असतात, ते मध्ये पडून हे भांडण जरा निवळतात. जरासंच. बाकी सगळं ताकदीवर."

"कुणाच्या? भक्षकाला कुठे हात असतात?"

"मोटर असते त्याला."

वल्लरीने मान वर केली. गालावर लाल वळ उठला होता.

"लोखंडाची नव्हे, प्रथिनांची," आजी म्हणाली. "टरफलाच्या एकाच कोपऱ्यात दार असतं. दारावर प्रथिनांचं एक कडं बसतं. ते एटीपी (पेशीचं इंधन) जाळतं आणि धागा पकडून एकेक घास आत सारतं. पकड, सार, पकड, सार. आकाराच्या मानाने इतक्या जोरकस मोटरी सजीवांत फार थोड्या आहेत. पण बघ, डोकं भरत आलं की तिलाही जड जातं. ती हळू होते. मध्येच थांबते."

"थांबते? का?"

"आत धागा भलभलत्या ठिकाणी अडकून बसलेला असतो. ती थांबली की त्याला हलायला, सरकायला, नीट बसायला थोडा अवधी मिळतो. मग पुढचा घास. आता तूही तसंच कर."

वल्लरीने दात-ओठ खात तंगूस पुन्हा आत घातलं. अडकलं की थांबली, नारळ हलवला, जरा मागे ओढलं, पुन्हा सारलं. तिला आश्चर्य वाटलं. मघापेक्षा खूप जास्त तंगूस आत मावलं होतं. मात्र तिचा अंगठा नारळाच्या डोळ्यावर घट्ट दाबलेला होता, आणि आतून दोरा त्या अंगठ्याला रेटत होता.

"हा रेटा जाणवतोय ना? भरलेल्या डोक्यात सायकलच्या चाकातल्या हवेपेक्षा दहापट दाब असतो. भरून झालं की धागा कापला जातो, दाराला बूच बसतं, आणि मगच खाली शेपूट जोडली जाते. त्या शेपटीने जीवाणूला गाठलं, की बूच उघडतं..."

वल्लरीने अंगठा काढला. तंगूस फर्रकन बाहेर उसळलं.

"कोंबायला इतके कष्ट लागतात, आणि त्याच कष्टांच्या जोरावर धागा जीवाणूत घुसतो," ती पुटपुटली. मग ताठ झाली. "डोकं भरल्यावरच शेपटी जोडतात. या डोक्यांना शेपट्या नाहीत. म्हणजे भरायचं काम पुरं झालंच नाही! आजी, मोटरला वेळच दिला नाही कुणीतरी!"

"चल," आजी म्हणाली आणि तिने काठी उचलली.

डॉक्टर साळवी टाक्यांच्या दालनात उभे होते. माणसाच्या दुप्पट उंचीच्या पोलादी टाक्या, त्यांत जीवाणू वाढत आणि जीवाणूंत भक्षक. साळवींचे डोळे जागरणाने तांबारलेले होते. आजीने सूक्ष्मदर्शकाचं चित्र त्यांच्यासमोर धरलं.

"साळवी, टाकी कधी रिकामी करता हल्ली?"

"थोडी लवकर, मॅडम. जीवाणू आपोआप फुटायची वाट बघत नाही. रसायन घालून आधीच फोडतो. टरफलं तेवढीच मिळतात, मोजणी..."

"मोजणी बरोबर येते!" वल्लरी ओरडली. "ऐकलंय मी! टरफलं मोजता तुम्ही! आतल्या मोटरी धागा भरत होत्या आणि तुम्ही कारखानाच फोडून टाकलात!"

"ही कोण मुलगी? हे बघ बाळ..."

"मला बाळ म्हणू नका! माझा दादा तिकडे पडलाय. त्याचा पाय कापायचं चाललंय, तुमच्या रिकाम्या डोक्यांमुळे!"

साळवींनी चित्र हातात घेतलं. काळी डोकी, एकामागून एक. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मागणी किती वाढलीये, मॅडम, तुम्हाला कल्पना नाही," ते अडखळत म्हणाले. "रोज कुठलं ना कुठलं रुग्णालय फोन करतं. आमचा माणूस मरतोय, लवकर पाठवा. मला वाटलं, घाणे पटापट निघाले तर जास्त लोक वाचतील."

"आणि बशीवरची चाचणी?" आजीचा आवाज इतका थंड होता, की वल्लरीच्याही अंगावर काटा आला. "जीवाणूंचा गढूळ थर, त्यावर औषधाचा थेंब. भक्षक जिवंत असतील तर थराला भोकं पडतात. ती चाचणी मी इथे सुरू केली होती."

"तिला रात्रभर थांबावं लागतं. ती बंद केली आम्ही."

टाक्यांतले पंखे घुमत होते. वल्लरीला वाटलं होतं, हा माणूस दुष्ट असेल, हसत असेल, खोटं बोलेल. तसा तो असता तर बरं झालं असतं. मनसोक्त रागावता आलं असतं. पण हा तर लोकांना वाचवायलाच निघाला होता. त्यामुळे तिचा राग कमी झाला नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. ते तिने बाहीने पुसलं.

"या घाण्याच्या बाटल्या आणखी कुठे गेल्यात?" तिने विचारलं.

"पुष्कळ ठिकाणी."

"मग तिकडेही लोक वाट बघत असतील. यंत्र म्हणत असेल, सगळं योग्य आहे. सांगा त्यांना!"

साळवींनी आजीकडे पाहिलं. "एकदम जाहीर केलं तर घबराट होईल, मॅडम. केंद्रावरचा विश्वास उडेल. गुपचूप नव्या बाटल्या पाठवल्या तर..."

"माझी आई तुमच्यावर विश्वास ठेवूनच बसलीये तिकडे!" वल्लरीचा आवाज चिरकला. "तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते. फेरीबोटीपासून सुरुवात करते आणि प्रत्येक माणसाला सांगते!"

आजीने तिला गप्प केलं नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून ती साळवींकडे बघत राहिली.

साळवींनी चित्र घडी करून खिशात घातलं. मग संदेशपटलाजवळ जाऊन सगळ्या रुग्णालयांना एकाच वेळी जोडणारी कळ त्यांनी स्वतः दाबली. "मी डॉक्टर साळवी बोलतोय," ते म्हणाले. "आमच्या हातून गंभीर चूक झाली आहे. ताज्या घाण्यातलं औषध वापरू नका." त्यांनी काही लपवलं नाही.

त्या दुपारी नवी टाकी लागली. पहिल्या घाण्याचं चांगलं औषध थोडंसं राखून ठेवलेलं होतं, ते आजीने लागलीच फेरीबोटीने निहारसाठी धाडलं. पुरेसं नव्हतं, पण दम धरायला होतं.

आता नव्या टाकीची वाट बघायची होती, आणि वाट बघणं वल्लरीच्या स्वभावात नव्हतं. ती टाकीभोवती पिंजऱ्यातल्या वाघिणीसारखी फेऱ्या मारत राहिली. एकदा तर तिने टाकीवरच मूठ हाणली. "लवकर करा ना!" पण लगेच तिने हात मागे घेतला. त्या पोलादाच्या आत या क्षणी अब्जावधी जीवाणू होते, प्रत्येकात कित्येक रिकामी टरफलं, आणि प्रत्येक टरफलाच्या दारात एक इवलीशी मोटर धागा आत सारत होती. कुठे अडकत होती, थांबत होती, पुन्हा सारत होती. त्यांना घाई करून चालणार नव्हतं.

साळवी तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. रसायनाचा डबा त्यांनी कपाटात कुलूपबंद केला होता. "आपोआप फुटू दे," ते म्हणाले. वल्लरीने त्यांना अजून माफ केलं नव्हतं. पण ती तिथून हललीही नाही.

संध्याकाळी नव्या औषधाचा थेंब चाचणीच्या बशीवर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बशी उघडली. गढूळ दुधासारख्या थरावर स्वच्छ, आरपार दिसणारी गोल गोल भोकं पडली होती, चाळणीसारखी. साळवींनी बशी उजेडात धरली आणि सगळ्यांत आधी ती वल्लरीच्या हातात दिली.

नवी बाटली खाडी ओलांडून गेली.

ताप एकदम उतरला नाही. त्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. सूज गुडघ्यावरून खाली सरकली. डॉक्टरीणबाईंनी जखम उघडून बघितली आणि पाय काढण्याचा विषय पुन्हा काढला नाही. आई खुर्चीत बसल्या बसल्या गाढ झोपून गेली. इतर रुग्णालयांतूनही कळत गेलं. बहुतेक जण सावरत होते, काहींना जास्त दिवस लागणार होते. त्या काहींची आठवण झाली की वल्लरीच्या मुठी अजून वळत.

आजी भेटायला आली तेव्हा वल्लरी खिडकीत बसून कागदावर काहीतरी खरडत होती.

"भरलेलं डोकं रिकाम्यापेक्षा जड असणार ना?" तिने विचारलं. "मग गरगर फिरवून वेगळी करता येतील. जड खाली, हलकी वर. असं यंत्र प्रत्येक रुग्णालयात ठेवलं तर? टरफलं मोजणारं नाही, भरलेली डोकी मोजणारं."

"फिरवून वेगळी करता येतात. मोठ्या प्रयोगशाळेत करतातही. पण पलंगाशेजारी मावेल असं लहान आणि स्वस्त यंत्र अजून कुणाला जमलेलं नाही." आजीने कागद उलटसुलट करून बघितला. "साळवींना दाखवू. पुढच्या सुट्टीत ये. आणि एक सांगू? त्या मोटरीकडून आपल्याला हवा तो धागा भरून घ्यायचा, ज्या मुलांच्या पेशींत एखादी सूचनाच चुकलेली असते त्यांच्यापर्यंत बरोबर सूचना पोचवायची, यावरही काम सुरू आहे. तुझ्या वयाच्या मुलांनी ते पुरं करायचं आहे."

वल्लरी उडी मारून निहारच्या पलंगावर चढली. "दादा, ऐकलंस? समज तुझं डोकं म्हणजे नारळ. त्याला एकच दार. दारात मोटर. ती पकडते, सारते, पकडते, सारते..." आणि तिने त्याच्या खांद्यावर एकेक बुक्का मारत प्रत्येक घास दाखवायला सुरुवात केली.

निहारने डोळे उघडले. हाताशी होती ती उशी उचलली आणि सगळ्या ताकदीनिशी तिच्या तोंडावर फेकून मारली.

"गप्प बस गं, माकडे! कान किटले माझे! आणि माझ्या पायावरून ऊठ आधी!"

तो आवाज एवढा मोठा होता, की आई दचकून जागी झाली आणि बाहेरून परिचारिका धावत आली. वल्लरीने उशी छातीशी घट्ट धरली आणि ती हसतच सुटली.